स्कुबाआधी कमरेएवढे पाणी

मा. संपादक,
स.न.वि.वि.

दिवाळीची सुटी लागली की मालवण, तारकर्ली, देवबागकडे गाड्यांची रीघ लागते. सकाळी स्कुबा, मग बनाना राइड, पॅरासेलिंग, दुपारी सुरमईची थाळी, असा घरच्या सगळ्यांचा दिवस एकाच पॅकेजात बसवलेला असतो. त्यातली स्कुबाची, म्हणजे पाठीवर हवेची टाकी बांधून मारायची, बुडी बाकीच्या खेळांच्या जातीची नव्हे, आणि तरी ती त्यांच्याच रांगेत, त्याच घाईने उरकली जाते.

‘पाच-सहा मीटरच तर खोल, घाबरायचे काय?’ असे होडीवर हमखास ऐकू येते. पण दाब सर्वांत झपाट्याने बदलतो तो याच पहिल्या काही मीटरांत. दहा मीटरवर तो पृष्ठभागाच्या दुप्पट होतो, पाच मीटरवर दीडपट. कान दीड-दोन मीटरवरच दुखू लागतात. नाक चिमटीत धरून नाकातूनच हलकेच फुंकर मारली की मधल्या कानात हवा जाते आणि दडा सुटतो. हे दर अर्ध्या-एक मीटरला, दुखण्याआधीच करायचे. दुखू लागल्यावर जोर लावून फुंकले तर पडद्याला इजा होते. कान सुटत नसेल तर हातभर वर येऊन पुन्हा प्रयत्न करावा. सर्दीने नाक चोंदले असेल तर त्या दिवशी बुडी नकोच, पैसे भरलेले असले तरी.

दुसरा नियम याहून कडक आहे: पाण्याखाली श्वास कधीच रोखायचा नाही. पाच मीटरवर छातीभर घेतलेली हवा वर येताना दीडपट फुगते. घाबरलेला माणूस नेमका श्वास कोंडून वर झेपावतो आणि फुप्फुसाला इजा होते. टाकीत ‘ऑक्सिजन’ असतो हाही गैरसमजच. टाकीत असते आपली नेहमीचीच हवा, गाळून आणि दाबून भरलेली. शुद्ध ऑक्सिजन सहा मीटरच्या खाली विषारी ठरू शकतो. हवेला तेलाचा किंवा धुराचा वास आला तर रेग्युलेटर, म्हणजे टाकीतली हवा तोंडात पोचवणारे साधन, तोंडात धरू नये. टाकी भरणारा कॉम्प्रेसर एखाद्या इंजिनाच्या धुराजवळची हवा ओढत असण्याची शक्यता असते.

हे सारे होडीच्या काठावर दोन मिनिटांत सांगून भागत नाही. अर्धा तास कमरेएवढ्या शांत पाण्यात उभे राहून करून घ्यावे लागते. रेग्युलेटर तोंडातून काढून पुन्हा लावणे आणि फुंकून किंवा पुढचे बटण दाबून त्यातले पाणी घालवणे. मास्कमध्ये पाणी शिरले की वरची कड कपाळाशी दाबून, मान किंचित वर करून नाकाने श्वास सोडणे. मास्क बसतो की नाही हे पट्टा न लावताच कळते: चेहऱ्यावर टेकवून नाकाने श्वास ओढावा, तो चिकटून राहिला पाहिजे. मिशीवाल्यांचा मास्क थोडा गळतोच, आणि कडेखाली केसाची एक बट आली तरी पुरते. खुणांचा घोळ तर ठरलेला. आपण ‘मस्त’ म्हणून अंगठा दाखवतो, पाण्याखाली त्याचा अर्थ ‘मला वर न्या’ असा होतो. प्रशिक्षक बिचारा वर आणतो आणि बुडीच्या वीस मिनिटांतली पाच तिथेच जातात. ठीक असल्यास अंगठा व तर्जनी जुळवून गोल करावा. कान दुखत असेल तर पंजा आडवा हलवून कानाकडे बोट दाखवावे.

मुलांच्या बाबतीत तडजोड नको. ‘पाडी’ या पाणबुड्यांना प्रशिक्षण देणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या नियमांत पहिल्या बुडीसाठी वयाची १० वर्षे पूर्ण लागतात आणि खोली १२ मीटरपर्यंतच. धाकट्यांसाठी स्नॉर्केल (पाण्यावर तरंगत श्वास घेण्याची नळी) आणि अंगाला नीट बसणारे लाइफ जॅकेट पुरे. जॅकेट खांद्याशी धरून वर उचलून पाहावे. ते हनुवटीच्या वर सरकले तर मोठे आहे. दमा, फिट्स, हृदयविकार किंवा कानाच्या पडद्याला छिद्र असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय उतरू नये. गरोदरपणी मुळीच नको. बनाना राइड बुडीनंतर ठेवावी, आधी नाकातोंडात पाणी गेले की कान सुटायला त्रास होतो.

दिवस कसा निवडावा? पाऊस संपल्यासंपल्या खाडीचा गाळ समुद्रात असतो, म्हणून डिसेंबर ते फेब्रुवारीत पाणी अधिक स्वच्छ. दुपारचा वारा सुटण्याआधी, भरतीच्या पाण्यात उतरावे, कारण ओहोटी खाडीचे गढूळ पाणी बाहेर आणते. किनाऱ्यावरचा जुना हिशेब आजही कामाला येतो: तिथीला पाऊणने गुणले की भरती पूर्ण होण्याची साधारण वेळ मिळते. एकादशीला सव्वाआठ, म्हणजे सकाळची बुडी छान साधते. पौर्णिमा-अमावास्येच्या उधाणात ओढ जास्त असते.

खाली गेल्यावर प्रवाळावर उभे राहू नये, फोटोसाठी माशांना बिस्किटे चारू नयेत. १९८७ पासून येथे सागरी अभयारण्य आहे, हे किती पर्यटकांना सांगितले जाते? सकाळी बुडी मारून दुपारी चिपी किंवा मोपाहून विमान पकडण्याचा बेतही बदलावा, कारण उंचीवर हवेचा दाब कमी होतो आणि बुडीत अंगात मुरलेल्या वायूचे बुडबुडे होऊ शकतात. एका बुडीनंतर निदान १२ तास, दोन-तीन बुड्या झाल्या असतील तर १८ तास थांबावे. आंबोली घाटही सुमारे ७०० मीटर उंच आहे, तेव्हा गाडीनेही घाट दुसऱ्या दिवशी चढलेला बरा.

बंदरावर पावती फाडतात त्या टेबलाशेजारी एक फलक लावण्याची सक्ती जिल्हा प्रशासनाने करावी. त्यावर त्या दिवशीची भरतीची वेळ, एका प्रशिक्षकामागे किती माणसे, सरावाचा अर्धा तास पैशांत धरला आहे की नाही आणि सर्दी असल्यास पैसे परत मिळतील की नाही, एवढे मोठ्या अक्षरांत मराठीत लिहिलेले असावे.

आपला,
एक वाचक, मालवण