‘महानिर्वाण’ बाजूला ठेवणाऱ्या काकांना

आदरणीय काका,

सादर नमस्कार.

आपले नाव कुठेही येऊ नये, असे आपण निघताना दारातच बजावले होते, म्हणून ते लिहीत नाही. परंतु आभार मानायचेच नाहीत, ही आपली दुसरी अट मात्र मोडते आहे.

यंदा एम.ए.च्या वर्गाला सतीश आळेकरांची नाटके शिकवण्याचे काम माझ्याकडे आले, तेव्हा माझ्यापाशी संहिता होत्या आणि प्रयोग एकही पाहिलेला नव्हता. ‘महानिर्वाण’ या ज्या नाटकात मेलेला माणूस उभा राहून स्वतःच्याच मरणाचे कीर्तन करतो, ते नुसते छापील पानावरून शिकवणे म्हणजे अभंग वाचून दाखवून वारी समजावण्यासारखे आहे, हे मला कळत होते. मदतीसाठी प्रथम मी एका नामवंत तज्ज्ञांकडे गेले. त्यांनी अर्थशून्यता, संवादाचा अभाव, कथानकाची मोडतोड अशी लक्षणे टाइप केलेला एक झेरॉक्स कागद हातात ठेवला आणि बेकेट व आयनेस्को या परदेशी ‘अॅब्सर्ड’ नाटककारांशी ‘जुळवून पाहा’ म्हणाले, जणू आळेकर म्हणजे पत्रिकाच. एका संग्रहात जुन्या प्रयोगांची छायाचित्रे आहेत असे समजले होते. तेथे तीन खेपा घातल्यानंतर अर्जाचा नमुना संपला असल्याचे सांगण्यात आले. आळेकरांच्याच नाटकात शोभावे असे हे उत्तर होते, पण त्या दिवशी मला त्यातला विनोद दिसला नाही.

आपल्याकडे आले तेव्हा टेबलावर कालनिर्णयच्या पानाचे कव्हर घातलेले ‘महानिर्वाण’ काढून ठेवलेले होते. आपण चष्मा पुसला, पहिले पान उघडले आणि सहज विचारावे तसे घरी कोण कोण असते म्हणून विचारले. मी म्हटले, आई आणि मी. वडील फेब्रुवारीत गेले. आपण काहीच बोलला नाहीत. सांत्वनाची ठरावीक वाक्येही नाहीत. पुस्तक हळूच मिटून उशाशी सरकवलेत, उठून कपाटातून ‘बेगम बर्वे’ काढलेत आणि म्हणालात, “आज आपण हे वाचू. ते कुठे पळून जात नाही.” काका, गेल्या सहा महिन्यांत मला भेटलेल्या प्रत्येकाने माझे दुःख एक तर टाळले होते किंवा त्यावर प्रवचन दिले होते. आपण फक्त पुस्तक बदललेत.

मग त्या दुपारी आपण बर्वे वाचलात. नाटक कंपनीत किरकोळ स्त्रीभूमिका करून आता उदबत्त्या विकणारा बर्वे, त्याला राबवून घेणारा श्यामराव, आणि कचेरीतल्या नलावडेबाईंची स्वप्ने रंगवत बसणारे जावडेकर-बावडेकर, हे चौघेही आपल्या एकट्याच्या आवाजात खोलीत वावरत होते. बर्वेचे वाक्य आले की आपण खांद्यावरच्या पंच्याचा पदर करीत होता आणि श्यामराव बोलू लागला की तोच पंचा मुठीत पिळत होता. जावडेकरांच्या स्वप्नात बर्वे नलावडेबाई होतो, संसार थाटला जातो, डोहाळजेवणापर्यंत गोष्ट जाते आणि श्यामराव येऊन ते सारे उधळतो, तेव्हा पंचा आपल्या हातून खाली पडला आणि आपण तो लगेच उचलला नाहीत. झेरॉक्स कागदावर ‘संवादाचा अभाव’ असे लिहिले होते. येथे तर दोन माणसांची स्वप्ने एकमेकांत इतकी मिसळली होती की कोणाचे कोणते, ते सांगता येत नव्हते, आणि त्यांना जोडणारी वस्तू होती ती आपली जुनी नाट्यपदे. १९७९ साली हे लिहिणाऱ्या लेखकाला परदेशी पत्रिकेची गरज नव्हती, हे मला तेव्हा पटले.

चहा घेताना आपण आळेकरांविषयी जे सांगितलेत, ते मी वर्गात जवळजवळ तसेच सांगते. जन्म १९४९ चा, दिल्लीतला, पण वाढ सगळी पुण्यात, शिक्षण जीवरसायनशास्त्राचे, दिवसा बी. जे. वैद्यकीय महाविद्यालयात संशोधनाची नोकरी आणि संध्याकाळी तालीम. ‘घाशीराम कोतवाल’चे प्रयोग ‘प्रोग्रेसिव्ह ड्रामॅटिक असोसिएशन’ या नाट्यसंस्थेतल्या ज्येष्ठांनी थांबवले, तेव्हा तरुण मंडळी बाहेर पडली आणि १९७३ मध्ये थिएटर अकॅडमी उभी राहिली, त्या मंडळींत आळेकरही होते. त्याच वर्षी ‘मिकी आणि मेमसाहेब’ आले आणि पुढच्या वर्षी, वयाच्या पंचविसाव्या वर्षी, ‘महानिर्वाण’. पुढे पुणे विद्यापीठाच्या ललित कला केंद्राचे संचालकपद, संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार, २०१२ ची पद्मश्री, हे आपण एका दमात उरकलेत आणि पुन्हा प्रयोगशाळेकडे वळलात. देहाचे पुढे काय होते हे ज्याला रोज टेबलावर दिसते, तोच मरणाकडे असा न दचकता पाहू शकतो, असे आपले म्हणणे. मला ते पूर्ण पटलेले नाही, कारण तसे असते तर प्रत्येक प्रयोगशाळेतून एक नाटककार निघाला असता. पण विद्यार्थ्यांना ते फार आवडते.

दीड महिन्याने मीच फोन करून विचारले, “आता ते वाचू या का?” आपण फक्त “या” म्हणालात. भाऊराव मेले आहेत, दहन जुन्याच स्मशानात व्हावे असा त्यांचा हट्ट आहे, ते स्मशान बंद झाले आहे, आणि नाना बिचारा बापाचा देह घरात ठेवून धावाधाव करतो आहे. आपण कीर्तनकाराच्या थाटात टाळी देऊन सुरुवात केलीत. मध्येच मला राहवले नाही आणि मी आमच्याकडचे सांगितले: दहाव्याला पिंडाला कावळा शिवेना, तेव्हा नातेवाइकांनी नदीकाठी उभे राहून एकेक आश्वासन द्यायला सुरुवात केली, आईला सांभाळू, घर विकणार नाही, आणि शेवटी एका आत्याने माझी बदली गावाजवळ करून देण्याचेही वचन दिले, आणि नेमका तेव्हाच कावळा आला. आपण हसलात, एकदम थांबलात, माझ्या चेहऱ्याकडे पाहिलेत. मी हसत होते. मगच आपण पुढचे पान उलटलेत.

विद्वत्ता आपल्याकडे पुष्कळांपाशी आहे आणि ती वाटायचीही त्यांची तयारी असते, परंतु समोरच्या माणसाकडे एकदा नीट पाहून मग पुस्तक उघडणारे मला आपणच भेटलात. त्या थांबण्यात मी ‘महानिर्वाण’विषयी जितके शिकले, तितके कोणत्याही टिपणांतून शिकले नसते: या नाटकात हसू दुःखाच्या जागी येत नाही, त्याच्या शेजारी येऊन बसते.

वर्गात नाटक वाचून झाले आहे. भाऊरावांची भूमिका वाचणाऱ्या मुलाने घरून खरोखरीचे टाळ आणले होते. आपले पुस्तक येत्या रविवारी परत आणते. हाताळणीत त्याचे कव्हर फाटले, त्याबद्दल क्षमस्व. नवे घातले आहे, कालनिर्णयच्याच पानाचे, फेब्रुवारीच्या.

आपली नम्र,
मराठीची एक शिक्षिका