पांढरे पडलेले चॉकलेट फेकू नका

संपादक महोदय,

पाककृतींच्या सदरांत ‘चॉकलेट वितळवून घ्यावे’ एवढेच छापलेले असते. कोणते चॉकलेट, किती तापमानाला आणि वितळल्यावर पुढे काय, याबद्दल अवाक्षर नसते. पाक किती तारी हवा हे बजावून सांगणारे लेखकही चॉकलेटचा विषय एका ओळीत उरकतात. मग घरी केलेली चॉकलेटे साच्यातून सुटत नाहीत, हातात घेताच ओघळतात, चार दिवसांत पांढरी पडतात आणि खापर फुटते चॉकलेट बनवणाऱ्या कंपनीवर. दोष बहुधा तापमानाचा असतो.

आधी त्या पांढऱ्या थराविषयी, कारण त्यापायी चांगला माल कचऱ्यात जातो. नुसत्या चॉकलेटच्या बारवर आलेला थर बुरशीचा नसतो. चॉकलेटमध्ये पाण्याचा अंश जेमतेम एक टक्का, आणि इतक्या कोरड्या पदार्थावर बुरशी धरत नाही. थर येतो तो एकतर कोको बटरचा, म्हणजे कोकोच्या बियांतल्या चरबीचा, नाहीतर साखरेचा. बोट हलकेच फिरवून पाहावे. थर बोटाच्या उबेने पुसला गेला आणि तुकतुकीत लागला तर ते वर आलेले कोको बटर. चॉकलेट कुठेतरी उन्हात किंवा तापलेल्या गाडीत राहून पुन्हा थिजले आहे. खरखरीत लागला आणि हटला नाही तर ती साखर. थंड चॉकलेटवर दव धरले, त्या पाण्यात वरची साखर विरघळली आणि पाणी उडून गेल्यावर तिचे कण मागे राहिले. दोन्ही चॉकलेटे खाण्यास योग्य असतात, बिघडतो तो पोत. पहिले वितळवून नीट थिजवले की पूर्ववत होते. दुसरे केकमध्ये किंवा गरम दुधात घालावे. मऊ सारण भरलेल्या चॉकलेटांना मात्र हा नियम लावू नये. त्या सारणात साय आणि पाणी असते, तिथे खरी बुरशी येऊ शकते. तंतू दिसले किंवा आंबूस वास आला तर ती सरळ टाकून द्यावीत.

हे सारे घडते ते कोको बटरच्या स्वभावामुळे. थिजताना ते सहा प्रकारचे स्फटिक धरू शकते. विली आणि लटन या संशोधकांनी १९६६ मध्ये या सहा प्रकारांचे वर्णन केले. आपल्याला हवा असतो पाचवा. तो साधारण ३३-३४ अंश सेल्सिअसला वितळतो, म्हणजे शरीराच्या तापमानापेक्षा थोडा आधी. म्हणून चॉकलेट बोटांत काही क्षण टिकते, जिभेवर विरघळते आणि मोडताना ‘कट्’ असा आवाज करते. चौथा प्रकार २७-२८ अंशांनाच सैल पडतो. वितळलेले चॉकलेट नुसते थंड होऊ दिले तर हेच कच्चे प्रकार भरपूर धरतात, आणि पुढे ते हळूहळू बदलू लागले की पृष्ठभाग पांढरा होतो.

योग्य स्फटिक धरवण्याच्या क्रियेला टेम्परिंग म्हणतात. ती वाटते तितकी अवघड नाही, पण खाद्यपदार्थांचा थर्मामीटर हवा. ३०० ग्रॅम डार्क चॉकलेट बारीक चिरून त्यातले २०० ग्रॅम वितळवावे. डबल बॉयलर असेल तर वरच्या भांड्याचा तळ पाण्याला टेकू नये, आणि पाणी उकळते नसावे. मायक्रोवेव्ह असेल तर अर्ध्या पॉवरवर ३० सेकंदांचे टप्पे, दरवेळी ढवळून. नजरेवर विसंबू नये, कारण मायक्रोवेव्हमधले चॉकलेट आतून वितळले तरी वरून आकार सोडत नाही, आणि ‘अजून थोडे’ म्हणताना करपते. मिल्क आणि व्हाइट चॉकलेट तर दुधातल्या घटकांमुळे आणखी लवकर करपते.

तापमान ४५ ते ५० अंशांवर गेले की भांडे आचेवरून उतरवून भांड्याचा तळ पुसावा. उरलेले १०० ग्रॅम तीन-चार वेळा थोडे थोडे घालत सतत ढवळावे. या तुकड्यांत पाचव्या प्रकारचे स्फटिक आधीच असतात. दुधाला विरजण लावावे तसे हे काम आहे. म्हणून ते तुकडे चकचकीत, चांगले असावेत. पांढरे पडलेले चॉकलेट विरजणाला चालत नाही. २७-२८ अंशांवर आले की हलकी ऊब देऊन ३१-३२ वर आणावे आणि तिथेच राखावे. मिल्क चॉकलेटसाठी हेच आकडे ४०-४५, मग २६-२७ आणि शेवटी २९-३०. व्हाइटसाठी ४०-४५, २५-२६ आणि २८-२९. सुरीचे टोक बुडवून २० अंशांच्या आसपासच्या खोलीत ठेवावे. पाचेक मिनिटांत चकाकी धरून घट्ट झाले तर जमले. पट्टे उमटले किंवा चिकट राहिले तर अजून ढवळायला हवे.

चुका बहुधा दोनच ठिकाणी होतात. पुन्हा ऊब देताना डार्क चॉकलेट ३४ अंशांच्या वर गेले की धरलेले स्फटिक वितळून जातात. मग पहिल्यापासून सुरुवात, आडवाट नाही. दुसरी चूक म्हणजे शंभर-दीडशे ग्रॅमवर हा प्रयोग करणे. एवढ्याशा चॉकलेटचे तापमान हातात राहत नाही, भराभर घसरते. ३०० ग्रॅमपेक्षा कमी घेऊच नये, उरलेले थिजवून पुन्हा वापरता येते. काम करता करता चॉकलेट दाट होऊ लागले तर स्फटिक जास्त झाले असे समजून एखादा अंश ऊब द्यावी. पातळ करायला दूध किंवा पाणी मुळीच घालू नये.

कारण चॉकलेटला पाण्याचा थेंब सोसत नाही. ओला चमचा किंवा भांड्यावरून आलेली वाफ एवढ्यानेच साखरेचे कोरडे कण ओले होऊन एकमेकांना चिकटतात आणि चॉकलेटचा रवाळ गोळा होतो. गंमत अशी, की यावर उपाय आणखी पाणी हाच आहे. ५० ग्रॅमला किमान एक मोठा चमचा या हिशेबाने गरम दूध किंवा पाणी घालून ढवळले की गोळा सुटतो. साच्यासाठी ते कामाचे राहत नाही, पण सॉस म्हणून उत्तम लागते.

गनाशमध्ये, म्हणजे चॉकलेट आणि क्रीमच्या मिश्रणात, आपण मुद्दाम हेच करतो. केकवर ओतायला डार्क चॉकलेट आणि क्रीम समसमान वजनाने, गोळे वळायला चॉकलेट दुप्पट; मिल्क आणि व्हाइटसाठी चॉकलेट त्याहून जास्त लागते. उकळी फुटू लागताच क्रीम चिरलेल्या चॉकलेटवर ओतावे, दोन मिनिटे हात लावू नये, मग मधून बाहेर असे ढवळावे. तेल सुटले तर चमचाभर कोमट दूध घालून फेटावे.

‘कंपाउंड’ नावाने मिळणारा प्रकार मात्र वेगळा. त्यात कोको बटरऐवजी दुसरी वनस्पतिजन्य चरबी असते, त्यामुळे टेम्परिंग लागत नाही. सजावटीला ते सोयीचे आहे, तोंडात मात्र मेणासारखे रेंगाळते. दोन्ही अर्धे अर्धे मिसळून खर्च वाचवण्याचा सल्ला अधूनमधून वाचायला मिळतो. तो ऐकू नये. बऱ्याच कंपाउंडमधली चरबी कोको बटरशी जमवून घेत नाही. मिश्रण मऊ पडते आणि लवकर पांढरे होते.

साठवण्यासाठी १५ ते १८ अंशांची, कोरडी, अंधारी जागा उत्तम. साबण आणि कांद्यापासून लांब, कारण कोको बटर वास ओढून घेते. खोली पंचविशीच्या वर जात असेल तर फ्रीजला पर्याय नाही. तेव्हा चॉकलेट घट्ट गुंडाळून हवाबंद डब्यात ठेवावे, आणि बाहेर काढल्यावर तासभर तरी झाकण उघडू नये. मग दव डब्यावर धरते, चॉकलेटवर नाही.

आणि खाताना? फ्रीजमधून काढून लगेच चावणे म्हणजे निम्मी चव सोडून देणे. थंडाव्याने जीभ मंदावते आणि कोको बटर वितळत नाही, त्यामुळे वासही सुटत नाहीत. २० ते २२ अंशांवरचा छोटा तुकडा मोडावा, एकदोनदाच चावून जिभेवर सोडून द्यावा. आधी गोडी येते, मग आंबटपणा, कडवटपणा आणि फळासारखे किंवा भाजल्यासारखे वास मागाहून उलगडतात. वेष्टनावरच्या ७० टक्क्यांवरून दर्जा जोखू नये. त्या आकड्यात कोकोच्या बियांचा गर आणि वेगळे घातलेले कोको बटर दोन्ही धरलेले असते, त्यामुळे ७० टक्क्यांचे एक चॉकलेट कडक आणि दुसरे अगदी सौम्य असू शकते. उरलेला तुकडा कुत्र्याला मात्र देऊ नये. त्यातले थिओब्रोमीन कुत्र्यांना विषारी असते, आणि डार्कमध्ये ते अधिक.

आपल्या पाककृतींच्या सदरात यापुढे चॉकलेटचा प्रकार, टेम्परिंगची तीन तापमाने आणि द्रवाचे वजन ग्रॅममध्ये छापावे, ही विनंती. जागा अपुरी पडत असेल तर सजवलेल्या केकचा फोटो थोडा लहान केला तरी चालेल.

आपले,
चॉकलेट कारागीर