सडा साफ करू नकोस

डिचोली, गोवा
मृगाचा तिसरा दिवस

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र पोचलं. घरच्या सड्यावरची, त्या उघड्या कातळाच्या पठारावरची झुडपं जेसीबी लावून काढायची आणि तिथं काजू-आंबा लावायचा, हे वाचून मन इतकं कडवटलं की दोन दिवस लेखणी हातात घेतली नाही. काल रात्री चांगला पाऊस पडला. आज सकाळी तुझ्या सड्यावर जाऊन आलो, म्हणून आता लिहितो.

तू म्हणतोस, तिथं काटे नि दगडांशिवाय काही नाही. माती वीतभरसुद्धा नाही, हे खरंच. हजारो-लाखो वर्षांच्या पावसानं खडकातली सिलिका धुऊन नेली, लोह आणि ॲल्युमिनियम मागे उरलं, त्याचाच हा तांबडा, भोकाभोकांचा चिरा. चार महिने त्यावर पाणी खेळतं आणि एप्रिलमध्ये अनवाणी पाऊल ठेववत नाही. अशा जागी जे उभं आहे, ते कुणी लावलेलं नाही, कुणी शिंपलेलं नाही.

वरच्या कडेला ती करवंदीची जाळी आठवते? आज तिच्याजवळ बराच वेळ बसलो. चिऱ्याच्या भेगेत मूठभर माती साठली असेल, बुलबुलानं बी टाकलं असेल, तिथून तिची सुरुवात. मग काट्यांत पालापाचोळा अडकला, कुजला, माती झाली. गुरं काट्यांत तोंड घालत नाहीत, म्हणून त्या आडोशाला अंजनी आली, पिटकोळी आली, एका बाजूनं कुड्यानं डोकं वर काढलं. आता पुरुषभर उंचीचं एक बेटच झालंय. भोवती उघडा कातळ, आणि आत हात घातला तर काळी, भुसभुशीत, थंड माती! अंजनीची पानं बघ, चामड्यासारखी जाड. उन्हाळ्यात पाणी जपायला. कुडा पानंच गाळून मोकळा होतो. ही झाडं खुरटलेली नाहीत रे, या मातीत एवढंच वाढायचं असतं हे ती जाणतात. करवंदीच्या बुंध्याची जाडी पाहून मला वाटतं, ती जाळी आपल्या दोघांहून वयानं मोठी असावी. जेसीबीला तिच्यासाठी पाच मिनिटं पुरतील.

शाळेत असताना वनमहोत्सवात आपण सड्याच्या टोकाला ऑस्ट्रेलियन अकेशिया लावली होती, आठवतं? हाताला फोड येईपर्यंत खड्डे खणले. सडा हिरवा करतोय असंच वाटत होतं. आज त्या झाडांखाली न कुजलेल्या पानांचा जाड थर आहे, त्यातून गवतही धड येत नाही. ऑगस्टमध्ये उघड्या कातळावर सीतेच्या आसवांची फुलं निळीशार पसरतात, दवबिंदूची इवली झाडं चिकट पानांवर किडे धरतात, कारण या मातीत नायट्रोजन जवळजवळ नाहीच. पण अकेशियाखाली यातलं काही दिसत नाही. ते काम आपल्या हातून झालं, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

मोपाचा सडा विमानतळात गेला, वेर्ण्याच्या सड्यावर औद्योगिक वसाहत झाली. पड जमीन म्हटलं की कुणालाच हळहळ वाटत नाही. तूही तोच शब्द लिहिलास, ते मला जास्त लागलं.

घर दुरुस्तीला पैसे हवेत, हे मला कळतं. काजू लाव की! पण उतारावर, कुळागराच्या म्हणजे पोफळीच्या बागेच्या वरच्या बाजूला, तिथं कमरेएवढी माती आहे. सड्यावर सुरुंग लावून खड्डे केलेस, खालून माती आणून भरलीस, तरी पावसाळ्यात खड्ड्यात पाणी तुंबून मुळं कुजतील आणि उन्हाळ्यात तोच खड्डा भट्टीसारखा तापेल. शिवाय कुळागरातली झर या सड्यावरच्या पावसाचीच आहे. चिऱ्याच्या भोकांतून मुरलेलं पाणी खाली फुटतं. वर जेसीबी फिरवून पाण्याच्या वाटा बदलल्या, तर तुझ्याच पोफळी आधी सुकतील.

आणि चतुर्थीला गणपतीच्या डोक्यावर रानातल्या फळापानांची माटोळी बांधतो, ती कशाची बांधणार? तुझी आजी चतुर्थीच्या आदल्या दिवशी आपल्याला सड्यावर पिटाळायची. कांगलां, घागऱ्यो, कुड्याच्या शेंगा, शेरवडाची पांढरी पानं. घागऱ्योच्या शेंगा कानाशी धरून खुळखुळ वाजवत घरी यायचो. हल्ली म्हापशाच्या बाजारात हे सगळं विकत मिळतं, पण तेही कुणाच्या तरी सड्यावरूनच येतं ना.

जेसीबीवाल्याला आगाऊ रक्कम दिली असशील तर आजच फोन कर. मी त्याच्याशी बोलून ठेवतो, उताराच्या कामाला तो लागेलच. चतुर्थीला दोन दिवस आधी ये. तुझ्या मुलीलाही आण, तिनं अजून आपली रानातली चुन्नां, ती फळं, खाल्ली नाहीत म्हणालास. त्यांचा हंगाम आता संपला, त्यासाठी मेमध्ये पुन्हा यावं लागेल. करवंदं तेवढी आज शेवटची मिळाली; वहिनींना लोणचं आवडतं म्हणून मीठ लावून बरणीत भरून ठेवली आहेत.

तुझाच,
बालमित्र