कढईचा विषय काढणार नव्हते

चि. मनूस,
अनेक आशीर्वाद.

काल फोनवर "हिमोग्लोबिन साडेआठ" असं सहज बोलून तू लगेच परत आलेल्या संशोधनाच्या पेपरचं सांगायला लागलीस. पुढचं मला ऐकूच आलं नाही. रागवायला लिहीत नाहीये.

लोहाची गोळी चहाबरोबर घेत नाहीस ना? मधे दोन तास जाऊ देत. "वजन होतंय" म्हणून लोखंडी कढई विमानतळावर बाबांच्या हातात दिलीस, दुर्बिणीच्या भिंगांचा डबा मात्र बॅगेत राहिला. असो.

वाईला लक्ष्मीपूजन उरकून तू आजीला गच्चीवर नेलं होतंस. अभिजित ताऱ्याच्या खालचा तो कंकणाकृती तेजोमेघ, वायूचं चमकतं कडं, अडीच हजार प्रकाशवर्षांवरचा. आजीने एक डोळा मिटून पाहिलं आणि म्हणाली, "हे तर ह्यांच्या विडीच्या धुराचं वेटोळं!" आठवीतली तू, काय समजावलंस तिला! सूर्यासारखा तारा म्हातारपणी फुगतो, आतलं हेलियम थांबून थांबून पेटतं, बाहेरचे थर सुटत जातात. उघडा पडलेला गाभा लाखभर अंशांचा, त्याच्या अतिनील किरणांनी तो वायू उजळतो. दहावीस हजार वर्षांत सगळं विरूनही जातं. आजी म्हणाली, "एवढंच?" आम्हाला कोण हसू आलं. नंतर महिनाभर ती शेजारणींना हेच सांगत होती, चुकीचं.

पण असले तारे लोखंड बनवत नाहीत, त्यांची मजल कार्बन-ऑक्सिजनपर्यंत, हेही तूच सांगितलंस. मग हळीव नको का खायला? तिकडे मिळत नसेल तर खजूर तरी आण.

आणि पेपर परत आला म्हणून जेवण सोडायचं? हगिन्स या खगोलशास्त्रज्ञाला १८६४ मध्ये मांजराच्या डोळ्यासारख्या दुसऱ्या एका तेजोमेघाच्या प्रकाशात, वर्णपटात, हिरव्या रेषा दिसल्या. लोकांनी नवं मूलद्रव्यच मानलं. तो साधा ऑक्सिजन, विरळ वायूत तसा चमकतो, हे बोवेन या भौतिकशास्त्रज्ञाने १९२७ मध्ये दाखवलं. त्रेसष्ट वर्षं! तुझे तर चार महिने झालेत. बघ, झालं माझं भाषण सुरू. मनावर घेऊ नकोस. तुझ्याकडूनच शिकले, तुलाच ऐकवतेय. बँकेतल्या सगळ्यांना तुझा फोटो दाखवून झालाय, तेवढं मात्र कुणाला सांगू नकोस.

रात्री जागलीस तरी आधी जेव. कुलकर्णींचा मुलगा वीस तारखेला फ्रँकफर्टला उतरतोय, त्याच्याबरोबर हळिवाचे लाडू आणि कढई, हो, कढईच, पाठवतेय. पुढचा रिपोर्ट बाबांना नको, मला पाठव. त्यांचं बीपी वाढतं.

तुझी,
आई