राजधानीचे अंतर मेट्रोने मोजावे

मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

कॅट या एमबीए प्रवेशपरीक्षेचा निकाल लागला की ग्वाल्हेरच्या लष्कर या भागातल्या मराठी घरांमध्ये एमबीएसाठी मुलांना कुठे पाठवायचे याची चर्चा सुरू होते आणि बहुतेक वेळा ती पुण्यावर येऊन थांबते. ही ओढ मला समजते, कारण माझेही निम्मे गणगोत पुण्यात आहे. परंतु ग्वाल्हेरहून शताब्दी एक्स्प्रेसने साडेतीन-चार तासांत दिल्ली गाठता येत असताना आपण राजधानीच्या परिसरातील संस्थांचा विचार सर्वांत शेवटी करतो, हे मला मनापासून खटकते.

दिल्ली विद्यापीठाची एफएमएस ही व्यवस्थापन संस्था 1954 पासून, परदेशी व्यापार शिकवणारी आयआयएफटी 1963 पासून आणि गुरुग्रामची एमडीआय ही व्यवस्थापन संस्था 1973 पासून चालू आहे. एफएमएसचे शुल्क तर तिच्या तोडीच्या इतर संस्थांपेक्षा कितीतरी कमी आहे. तथापि माझा मुद्दा केवळ संस्थांच्या नावलौकिकाचा नाही. वाणिज्य मंत्रालय, स्पर्धा आयोग, दूरसंचार नियामक ट्राय आणि फिक्की व सीआयआय या उद्योगसंघटना यांची मुख्यालये जिथे आहेत, तिथे एखाद्या अधिकाऱ्याला दुपारच्या व्याख्यानाला बोलावण्यासाठी विमानाचे तिकीट काढावे लागत नाही, आणि मुलांनाही इंटर्नशिप चालू असताना वर्ग बुडवावे लागत नाहीत.

माझ्या धाकट्या मुलीने नोएडातून एमबीए केले. प्रगती मैदानावर दरवर्षी 14 नोव्हेंबरला भारतीय आंतरराष्ट्रीय व्यापार मेळा सुरू होतो. त्या मेळ्यात मध्य प्रदेशच्या दालनातील चंदेरीच्या एका विणकराजवळ ती सलग तीन दिवस बसली होती. एका परदेशी खरेदीदाराने साडी हातात घेऊन विचारले, ‘‘याच रंगाचे पाचशे मीटर कापड किती दिवसांत द्याल?’’ विणकर गप्प राहिला, कारण त्याच्या घरी दोनच माग होते आणि सूत रंगवून घेण्याचे काम दुसऱ्याकडे होते. पुढे चार विणकरांनी मिळून एकाच रंगाचे सूत एकदम रंगवून घेतले तर किती दिवस लागतील, याचा हिशेब तिने त्याच्याबरोबर बसून मांडला आणि तोच तिच्या प्रकल्पाचा विषय झाला. पुरवठा साखळीवरचे जाड पुस्तक तिने आधी वाचले होतेच, पण त्याचा अर्थ तिला त्या स्टॉलवर कळला.

इथे एक इशारा द्यायलाच हवा. माझ्या थोरल्या मुलाच्या वेळी आम्ही ‘दिल्ली एनसीआर’ (म्हणजे दिल्ली आणि आसपासचा राजधानी परिसर) हे शब्द पाहून एका संस्थेत प्रवेश घेतला. प्रत्यक्षात ती महामार्गाच्या कडेला, शेतांच्या मधोमध होती. शहरात जायला दोन वाहने बदलावी लागत आणि माहितीपत्रकात छापलेल्या कंपन्यांपैकी एकही त्या वर्षी तिथे फिरकली नाही. त्याची दोन वर्षे आणि आमची साठवलेली पुंजी त्यात गेली. म्हणून पालकांनी संस्थेपासून मेट्रोचे स्थानक किती दूर आहे हे स्वतः जाऊन पाहावे, एआयसीटीई या तंत्रशिक्षण परिषदेची मान्यता तपासावी आणि मागच्या वर्षीच्या मुलांना गाठून प्लेसमेंटची खरी परिस्थिती विचारावी. दिल्लीतले खोलीभाडे जड जाते हे खरे आहे, परंतु मेट्रोमुळे थोड्या लांबच्या, स्वस्त वस्तीत राहूनही काम भागते.

जी मुले ग्वाल्हेरातच शिकतात त्यांनाही या जवळिकीचा लाभ मिळू शकतो. इथल्या व्यवस्थापन संस्थांनी नोव्हेंबरात संपूर्ण वर्गाला निदान दोन दिवस त्या मेळ्यात न्यावे आणि प्रत्येक विद्यार्थ्याला एकेका स्टॉलवर बसवावे. लष्करातल्या मराठी मंडळांनीही जानेवारीत एक रविवार राखून ठेवून, दिल्लीत शिकलेल्या आपल्याच मुलामुलींची पालकांशी गाठ घालून द्यावी. अशा बैठकीसाठी माझी मुलगी सुट्टी काढून यायला तयार आहे.

आपला नम्र,
एक निवृत्त बँक कर्मचारी,
लष्कर, ग्वाल्हेर