कळव्याच्या मावशींना

प्रिय मावशी,

सप्रेम सलाम.

तुमचं नाव कुठे लिहायचं नाही, असं तुम्ही स्टेशनवर निघता निघता बजावलंत. लिहीत नाही. खारेगावच्या बाजूला कुणालाही 'मावशी कुठे राहतात' विचारलं की तुमचंच दार दाखवतात, त्यामुळे नावावाचून अडणारही नाही. पण पत्र मात्र सगळ्यांना वाचता यावं असंच लिहिते आहे. या सुट्टीत चार मंडळ्यांपुढे, म्हणजे चार चर्चमधल्या लोकांपुढे, उभी राहून मी आभार मानले. पाळकसाहेबांचे, मिशन कमिटीचे, दर महिन्याला न चुकता देणाऱ्यांचे, माइक लावणाऱ्या मुलाचेसुद्धा. तुमचे राहिले. तुम्ही मागच्या बाकावर आईशेजारी बसला होता, तिची पर्स आणि तिचं गीतपुस्तक सांभाळत.

ओडिशातल्या कोरापुटहून, आमच्या मिशनच्या कामावरून, निघालो तेव्हा लेकीने बोगदे मोजायला घेतले. अरकूवरून विशाखापट्टणमला उतरणाऱ्या त्या लाइनवर 58 बोगदे आहेत म्हणतात. तिचे 51 भरले, कारण मधे डोळा लागला. पुढे बोरघाटात तिचा हिशोब पार बिघडला. शेवटचा मात्र तिने जागी राहून पकडला: पारसिकचा, 1916 सालचा, सव्वा किलोमीटरहून लांब. मीच तिला सांगून ठेवलं होतं की हा संपला की आजीचं घर. पहाटे ठाण्याला उतरलो तर तुम्ही प्लॅटफॉर्मवर शाल गुंडाळून उभ्या. रिक्षावाल्याला खाली थांबवून ठेवलेलं. लेकीने तुम्हाला पहिलं वाक्य टाकलं ते निम्मं देसिया, म्हणजे कोरापुटकडची बोली, निम्मं मराठी. तुम्हाला काही कळलं नाही. 'भूक लागली म्हणतेय ना?' एवढंच विचारलंत. तेच म्हणत होती.

आमच्या या घरच्या सुट्टीची गंमत बाहेरच्यांना माहीत नसते, म्हणून थोडं सांगते. मिशनमधल्या आमच्यासारख्या कुटुंबांचा खर्च कुठल्याही सरकारकडून येत नाही. मंडळ्या आणि काही घरं मिळून तो उचलतात. दोन-तीन वर्षांनी आम्ही येतो आणि प्रत्येक मंडळीत जाऊन कामाचा अहवाल देतो. नाव सुट्टीचं, पण रविवार एकही मोकळा जात नाही. यंदाही ट्रान्स-हार्बर लाइनने ऐरोली झालं, वाशी झालं, एक डोंबिवली, एक ठाणे. बॅगेत लॅपटॉप, पेन ड्राइव्ह, कोरापुटच्या डोंगरांचे फोटो, ओळीत उभी असलेली वसतिगृहाची मुलं. फोटोत सगळे हसरे. अहवालातही सगळं हसरंच. हे असंच करायचं, असं कुणी शिकवत नाही, पण आपोआप जमतं. लोक घरातले पैसे काढून देतात, त्यांना रडगाणं कसं ऐकवायचं?

आता मूळ गोष्टीकडे येते.

आईच्या भाकरीचा आवाज मला झोपेतही ओळखता येतो. तीन थापा, मग परात जरा फिरते, परत तीन थापा. आल्यापासून चौथ्या दिवशी माझ्या लक्षात आलं की तो आवाज घरात नाहीच. तो भिंतीपलीकडून, तुमच्या स्वयंपाकघरातून येतोय, आणि थापाही दोनच आहेत. रोज साडेबाराला तुमचा डबा यायचा. मला वाटलं पाहुणचार. त्या संध्याकाळी रिक्षात चढताना आईचा उजवा हात धरला आणि बोटं जागच्या जागी थांबली. मनगटाच्या वर हाड उंच आलेलं. कोलेस फ्रॅक्चर. हात टेबलावर पालथा ठेवला की बाजूने जेवणाच्या काट्यासारखा दिसतो आणि पुस्तकातही त्याला तेच नाव आहे. मी नर्सिंगच्या मुलींना दरवर्षी हे फळ्यावर काढून दाखवते. स्वतःच्या आईचा हात मात्र चार दिवस पदराखाली होता आणि मला दिसला नाही.

जुलैमध्ये न्हाणीघरात पडली होती. सरकारी दवाखान्यात तुम्ही नेलं. पहाटे केसपेपरच्या रांगेत तुम्ही उभ्या राहिलात, सहा आठवडे प्लास्टर, तिचे केस विंचरणं, साडी नेसवणं, सगळं तुम्ही केलंत. दर रविवारी व्हिडिओ कॉलवर मला आईचा नुसता चेहरा दिसायचा, अगदी स्थिर. मी नवऱ्याला कौतुकाने म्हटलंही होतं, बघ, आई फोन धरायला शिकली एकदाची, आता छताचा पंखा दाखवत नाही. फोन तुम्ही धरला होता.

मावशी, त्या रात्री मी तुमच्याशी फार वाईट बोलले. जिन्यात उभी राहून बोलले, वरच्या मजल्यापर्यंत ऐकू गेलं असेल. मी नर्स आहे, मला कळवायचं सोडून तुम्ही नाटक केलंत, असं काहीबाही. तुम्ही ऐकून घेतलंत आणि म्हणालात, 'तुझ्या आईने शपथ घातली होती.' मी म्हटलं, शपथ वाहूच नका असं येशूच्या डोंगरावरच्या प्रवचनात लिहिलंय. तुम्ही म्हणालात, 'लिहिलंय ना. मग तू तुझ्या पत्रात मलेरियाचं का नाही लिहिलंस?'

लेकीने रिक्षात बडबडून टाकलं होतं. मागच्या पावसाळ्यात मला फाल्सिपेरम झाला होता, तो साधा मलेरिया नव्हे, मेंदूपर्यंत जाऊ शकणारा. तीन दिवस गोळ्या, दोन रात्री सलाईन, आणि त्याच आठवड्यात मी सगळ्यांना पाठवायच्या प्रार्थनापत्रात लिहिलं होतं, 'पाऊस चांगला झाला, मुलं आनंदात आहेत.' आईने हात पदराखाली ठेवला आणि मी ताप 'चांगल्या पावसाखाली'. मायलेकींचा एकच धंदा.

तुम्ही दरवाजा उघडून आत घेतलंत, बसवलंत, चहा टाकलात. वर एक शब्द बोलला नाहीत. पुढे आई तुमच्यावर दोन दिवस रुसली होती, ते वेगळंच.

पुढच्या रविवारची गोष्ट आईने तुम्हाला तिच्या तऱ्हेने सांगितलीच असेल, माझ्या बाजूने सांगते. त्या मंडळीचं नाव कशाला घ्या. लॅपटॉपची वायर त्यांच्या प्रोजेक्टरला बसेना. तरुण संघाची चार मुलं मागून पुढे, पुढून मागे. मी नुसती उभी. मग एक गृहस्थ उठले आणि 'आपल्या कामातून आतापर्यंत किती बाप्तिस्मे झाले' म्हणून आकडा मागितला. प्रश्न वाईट हेतूचा नव्हता, दरवेळी येतो. पण मी नर्स आहे, माझ्या वहीत आकडे असतात ते बाळंतपणांचे आणि तापांचे. मी अडखळले. तेवढ्यात तुम्ही मागून, माइक नसताना, म्हणालात, 'ते राहू दे. तिला विचारा, रात्री झोप लागते का तिकडे.'

सभागृहात हशा झाला आणि मग एकदम शांत. मी पहिल्यांदा फोटोंशिवाय बोलले. पावसाळ्यात रात्री दोनला दारात उभे राहतात ते लोक, चार बांबूंना बांधलेल्या खाटेवर बाई. गावातल्या आशा सेविकेच्या पिशवीतली मलेरियाच्या चाचणीची पट्टी, पंधरा मिनिटं वाट बघायची, किती रेघा उमटतात त्याकडे सगळ्या घराचे डोळे. 2017 मध्ये ओडिशा सरकारने दुर्गम भागातल्या मलेरियाची मोहीम काढली, ताप नसलेल्यांचीही तपासणी केली, औषध लावलेल्या मच्छरदाण्या घराघरात दिल्या, तेव्हापासून आकडे खूप उतरले. हे श्रेय आमचं नाही, हेही सांगितलं. आणि मग माझ्या तापाचं सांगितलं, त्या दोन रात्रींत मला कोरापुट नको, मिशन नको, कळव्याचं घर हवं होतं, हेही. आई मागे बसून ऐकत होती. ती रडली नाही. तिने पदरातून हात बाहेर काढला आणि बाकावर ठेवला, एवढं मला पुढून दिसलं.

ठाण्याला मिशनरी नवे नाहीत. 1321 मध्ये फ्रान्सिस्कन संघाचे चार ख्रिस्ती साधू इथे मारले गेले. इटलीहून निघालेला ओडोरिक नावाचा त्यांच्याच संघाचा भटक्या पुढे आला, त्यांची हाडं गोळा केली आणि थेट चीनपर्यंत घेऊन गेला. प्रवासाची हकिकत त्याने सांगून लिहवून घेतली, म्हणून आपल्याला कळतं. त्या चौघांना आया होत्या का, त्यांना कुणी कळवलं का, त्यांच्याकडे शेजारची कुणी डबा देत होती का, हे मी वाचलं त्यात कुठेच सापडलं नाही. पूर्वी असले प्रश्न मला सुचतच नसत.

मिशनच्या यादीत माझ्या नावापुढे चार मंडळ्या आणि अकरा कुटुंबं आहेत. तुमचं घर त्यात नाही. वीस तारखेला खात्यात पैसे येतात त्यावर माझं घर चालतं, पण मी कोरापुटला राहू शकते ते दुसऱ्याच कारणाने. आईच्या भिंतीपलीकडे तुम्ही आहात म्हणून. हे मला आधी कळायला हवं होतं. कमिटीला मी तसं लेखी कळवलं आहे. यादीत एक रकाना वाढवा, म्हटलंय. त्यांना तो कुठल्या सदरात घालायचा ते समजत नाहीये. समजेल.

आणि तो बिस्किटांचा पत्र्याचा डबा. मिझोरामच्या बायका प्रत्येक स्वयंपाकाआधी मूठभर तांदूळ वेगळा काढतात आणि मंडळीला देतात, 1910 च्या सुमारास सुरू झालेली ही रीत आजही चालू आहे, असं मी मागच्या खेपेला महिला मंडळात सहज बोलून गेले होते. मला आठवतही नव्हतं. तुम्ही तांदूळ नाही, भाजीतून उरलेले सुट्टे पैसे टाकत राहिलात, अडीच वर्षं. निघायच्या आदल्या रात्री आम्ही तिघी जमिनीवर बसून मोजले. 4,370 रुपये, बहुतेक दहाच्या नोटा आणि नाणी. लेकीने मोजता मोजता मराठी आकडे पक्के केले. एकोणसाठ आणि एकोणसत्तर अजून चुकतात. वसतिगृहासाठी त्यातून नाचणी घेतली. तिकडे तिला मांडिया म्हणतात आणि रोज सकाळी तिची पातळ पेज होते. लेकीने तुमच्या घरची आंबील प्यायल्यावर 'ही तर आमचीच' म्हटलं होतं, आठवतं? ताक तेवढं तिकडे घालत नाहीत, ती तक्रार तिची आता सुरू झाली आहे.

आता कामाचं. आईची फिजिओथेरपी दोनच वेळा झाली, हे मी दवाखान्याच्या कार्डावर पाहिलं आहे, तिने 'सगळी केली' सांगितलं तरी. मऊ रबरी चेंडू तिच्या उशाशी ठेवला आहे. दिवसातून तीनदा, दहा दहा वेळा दाबायचा. सकाळी कोमट पाण्यात हात बुडवून मनगट वर-खाली. दुखलं तर थांबायचं, कंटाळा आला तर नाही. हातात जोर आल्याआल्या भाकरी थापायला घेईल, घेऊ द्या, पण एकच. माझ्याकडूनही कबूल: ताप आला तर त्याच दिवशी तुम्हाला फोन, आईला दुसऱ्या दिवशी.

रविवारी उपासनेनंतर साडेबाराला कॉल करते. फोन आईकडे द्या, उजव्या हातात. पंखा दिसला तरी चालेल.

तुमची,
शेजारच्या घरातली थोरली