चि. ताईस : अबार्थ द्यावी की ठेवावी

कोल्हापूर

चि. ताईस अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझा प्रश्न एका ओळीचा आहे : २०१५ ची अबार्थ पुंटो (फियाटच्या पुंटोची जोरदार इंजिनाची आवृत्ती) देऊन नवी फोक्सवॅगन व्हर्टस जीटी घ्यावी का? ज्या गाडीला तू इतका जीव लावलास, तिच्याबद्दल फोनवर दोन शब्दांत उत्तर देणे मला बरे वाटले नाही, म्हणून सविस्तर लिहीत आहे. माझे मत आधीच सांगते. नवी गाडी घे. मात्र ज्या कारणासाठी तू ती घ्यायला निघाली आहेस ते कारण मला पटलेले नाही, आणि जुनी गाडी शोरूमला एक्सचेंजमध्ये द्यावी हेही मला मान्य नाही.

नवी गाडी जास्त वेगवान असेल, असे तू लिहिले आहेस. तर आधी आकडे पाहू. तुझ्या पुंटोचे १.४ लिटरचे टी-जेट इंजिन १४५ पीएस (म्हणजे अश्वशक्ती) शक्ती आणि २१२ न्यूटन मीटर टॉर्क, म्हणजे चाके फिरवणारा जोर, देते. व्हर्टस जीटीचे १.५ लिटरचे टीएसआय इंजिन १५० पीएस आणि २५० न्यूटन मीटर देते. शक्तीत पाच पीएसचा फरक आहे आणि तो चालवताना कोणाला जाणवणार नाही. टॉर्कचा फरक मात्र जाणवेल, कारण व्हर्टसमध्ये तो इंजिनाच्या मिनिटाला १६०० फेऱ्यांपासूनच पूर्ण मिळतो, तर तुझ्या गाडीत टर्बो, म्हणजे इंजिनात जादा हवा कोंबणारे यंत्र, जागा होईपर्यंत थोडा धीर धरावा लागतो आणि मग ती एकदम झेप घेते. ती झेपच तुला आवडते, हे मला ठाऊक आहे. व्हर्टस तेवढ्याच वेळात तेवढाच वेग गाठेल, पण तो गाठल्याचे तुला कळणार नाही. रोजच्या वापरासाठी हा गुण आहे, परंतु अधिक थरार मिळेल या अपेक्षेने अठरा लाख खर्च करशील तर पहिल्या महिन्यातच तुझी निराशा होईल.

स्टिअरिंगबद्दलही हेच म्हणेन. पुंटोचे स्टिअरिंग हायड्रॉलिक आहे. इंजिनवर चालणारा पंप तेलाच्या दाबाने चाके वळवायला मदत करतो आणि रस्त्याची खबर न गाळता तुझ्या तळहातापर्यंत पोचवतो. आजच्या जवळजवळ सर्व गाड्यांत हे काम विजेची मोटार करते. त्याने इंधन वाचते, गाडी लावताना हात दुखत नाहीत, पण पुढच्या टायरची पकड नेमकी कुठे सुटू लागली आहे हे हाताला पूर्वीइतके स्पष्ट कळत नाही. आयटीआयमध्ये मोटार मेकॅनिकच्या मुलांना शिकवताना मी दोन्ही प्रकारचे रॅक (स्टिअरिंगची चाके वळवणारी यंत्रणा) उघडून दाखवत असे, आणि हायड्रॉलिक स्टिअरिंगची सर इतर कशाला नाही हे मत मी आजही बदललेले नाही. भुईबावडा घाटात तुझ्या गाडीचे पुढचे टोक ज्या विश्वासाने वळणात शिरते, तसे कदाचित नव्या गाडीचे शिरणार नाही. हे गमवावे लागेल, आणि ते मान्य करूनच निर्णय घ्यायला हवा.

आता ज्या कारणासाठी मी 'घे' म्हणते ते सांगते. मागच्या सीटवर आता आपले बाळ असते, आणि तू महिन्या-दोन महिन्यांनी त्याला घेऊन पुण्याहून कोल्हापूरला येतेस. खंबाटकी, सातारा, कऱ्हाड हा सारा रस्ता, त्यावरची सहापदरीकरणाची कामे, अचानक लागणारी वळणे आणि उलट्या दिशेने येणारे ट्रॅक्टर तुला माझ्याहून जास्त परिचित आहेत. तुझ्या गाडीत दोन एअरबॅग आणि एबीएस (जोरात ब्रेक दाबला तरी चाके अडकू न देणारी सोय) आहे, पण गाडी घसरताना सावरणारी ईएससी नाही. पावसात ओल्या वळणावर गाडी घसरू लागली, की ईएससी ते चाकांच्या वेगावरून आणि स्टिअरिंगच्या कोनावरून ओळखते आणि नेमक्या एकाच चाकाला ब्रेक लावून गाडीचे तोंड पुन्हा रस्त्याकडे वळवते. चार चाकांपैकी एकालाच वेगळा ब्रेक लावण्याची सोय चालकाकडे नसते. तुझ्याकडे एकच पेडल आहे, चार नाहीत. तू कितीही चांगली चालवत असलीस, आणि तू खरोखरच फार चांगली चालवतेस, तरी ही उणीव कौशल्याने भरून निघणारी नाही.

युरोपात गाड्यांची धडक-चाचणी घेऊन तारे देणाऱ्या युरो एनकॅप या संस्थेचा एक दाखला मी माझ्या विद्यार्थ्यांना आवर्जून देत असे. २००५ मध्ये फियाटच्या ग्रांदे पुंटोला त्या चाचणीत पाच तारे मिळाले होते. त्याच घराण्यातील पुंटोची २०१७ च्या डिसेंबरमध्ये पुन्हा चाचणी झाली, तेव्हा तिला एकही तारा मिळाला नाही. शून्य तारे मिळवणारी ती युरो एनकॅपच्या इतिहासातील पहिली गाडी ठरली. बारा वर्षांत गाडीचे पत्रे पातळ झाले नव्हते. मधल्या काळात धडकेबद्दल जे ज्ञान वाढले, त्यानुसार चाचणीची कसोटी कडक झाली आणि गाडी मात्र जिथल्या तिथे राहिली. त्या युरोपातील गाड्या होत्या आणि तुझी रांजणगावात तयार झालेली आहे, त्यामुळे ते गुण जसेच्या तसे तुझ्या गाडीला लावता येणार नाहीत, परंतु मूळ आराखड्याचे वय तेच आहे. याउलट, चाकणला तयार होणाऱ्या व्हर्टसला ग्लोबल एनकॅपने २०२३ मध्ये, नियम कडक केल्यानंतर, मोठ्यांसाठी आणि मुलांसाठी असे दोन्हीकडे पाच तारे दिले. सहा एअरबॅग, ईएससी आणि बाळाचे आसन थेट गाडीच्या सांगाड्याला अडकवणारे आयसोफिक्सचे हुक तिच्यात आहेत. माझ्या दृष्टीने निर्णय इथेच होतो. पुढचे सारे व्यवहाराचे आहे.

जुन्या गाडीच्या देखभालीबद्दल तुला धास्ती वाटते, त्यातली काही धास्ती खरी आहे. फियाटने भारतातील गाड्यांची विक्री थांबवून काही वर्षे झाली. फिल्टर, ब्रेक पॅड, क्लच अशा झिजणाऱ्या वस्तूंची मला फारशी काळजी नाही, कारण त्या पुढेही मिळत राहतील. अडचण बंपर, हेडलाइट, दरवाजा आणि पुढची काच यांची आहे. त्यातच विम्याचा एक नियम लक्षात ठेव. दुरुस्तीचा खर्च आयडीव्हीच्या, म्हणजे विम्यात धरलेल्या किमतीच्या, ७५ टक्क्यांवर गेला की कंपनी गाडीचे पूर्ण नुकसान झाल्याचे धरते. दहा वर्षांवरच्या गाडीची आयडीव्ही इतकी उतरलेली असते, की मध्यम धडकेतही चांगली गाडी भंगारात निघू शकते. यंत्राची तक्रार नसताना केवळ कागदावरच्या किमतीमुळे तिचा शेवट व्हावा, हे मला सहन होणार नाही.

टायमिंग बेल्ट, म्हणजे झडपांची हालचाल पिस्टनशी जुळवून ठेवणारा पट्टा, शेवटचा कधी बदलला, ते सर्व्हिसच्या बिलात पाहून मला कळव. तो रबराचा असतो आणि किलोमीटर कमी झाले तरी वयाने कमकुवत होतो. सोळा झडपांच्या या इंजिनात तो चालताना तुटला तर झडपा पिस्टनवर आदळून मोठी हानी होण्याचा धोका असतो. टायरच्या बाजूवरचे शेवटचे चार आकडेही वाच. त्यातले पहिले दोन आठवडा आणि नंतरचे दोन वर्ष सांगतात. गाडी विकायची असो वा ठेवायची असो, ही दोन कामे या महिन्यात व्हायलाच हवीत.

दोन्ही गाड्या ठेवाव्यात, असाही विचार तुझ्या मनात डोकावला असेल. माझ्याही मनात आला होता. पण तुमच्या सोसायटीत पार्किंग एकच आहे, आणि दुसरी गाडी बाहेर रस्त्यावर उन्हापावसात उभी राहील. शिवाय आता पंपावर मिळते ते वीस टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल. इथेनॉल हवेतील ओलावा शोषते. रोज चालणाऱ्या गाडीत टाकी रिकामी होत राहते म्हणून फारसे बिघडत नाही, पण आठवडेच्या आठवडे उभ्या असलेल्या जुन्या गाडीची टाकी, रबरी नळ्या आणि इंजेक्टर यांना ते चांगले नाही. एप्रिल २०२३ पासूनच्या गाड्या या इंधनाचा विचार करून बनतात, तुझी त्याआधीची आहे. २०३० मध्ये तिची पंधरा वर्षे भरतील, तेव्हा आरटीओत तपासणी, नोंदणीचे नूतनीकरण आणि पर्यावरण कर हे सर्व येईल. न चालवता नुसती ठेवण्यासाठी एवढे करणे म्हणजे तिच्यावर प्रेम नव्हे, असे मला वाटते. ती धावण्यासाठी बनलेली आहे.

पैशांचे गणित थोडक्यात मांडते. शोरूमची किंमत अठरा लाख धरली तर महाराष्ट्रात दहा ते वीस लाखांच्या पेट्रोल गाडीवर १२ टक्के रस्ता-कर, म्हणजे २ लाख १६ हजार रुपये लागतील. विमा वेगळा. दहा लाखांचे कर्ज ९ टक्क्यांनी पाच वर्षांसाठी घेतलेस तर हप्ता सुमारे २०,७६० रुपये बसेल आणि व्याजापोटी जवळपास अडीच लाख जातील. तेच सात वर्षांवर नेलेस तर हप्ता १६ हजारांवर येईल, पण व्याज साडेतीन लाखांवर जाईल. पाच वर्षांचा हप्ता जड वाटत असेल तर वर्षभर थांब आणि तेवढीच रक्कम दरमहा बाजूला टाकून पाहा. पण सात वर्षांचे कर्ज घेऊ नकोस.

जावईबापूंचे म्हणणे एसयूव्ही घ्यावी असे आहे, हे तू लिहिलेस. त्यांची काळजी गतिरोधकांची असेल तर व्हर्टसखाली १७९ मिलिमीटर जागा आहे आणि तुझ्या पुंटोखाली १५५. एवढ्या फरकात तुमच्या गल्लीतला प्रश्न सुटेल. उंच गाडीचा गुरुत्वमध्य वर जातो आणि वळणातला तिचा झोल तुला कधीच रुचणार नाही. दुसरा पर्याय पाहायचाच असेल तर ह्युंदाई व्हर्ना टर्बो पाहा. तिला १६० पीएस आहेत आणि ग्लोबल एनकॅपचे पाच तारेही आहेत. सरळ रस्त्यावर ती पुढे असेल. वळणात कोण पुढे, हे तूच चालवून ठरव. गिअरबॉक्स हाताचाच घे, एवढा माझा आग्रह आहे, कारण पुंटोतून उतरल्यावर डाव्या पायाला काम उरले नाही तर तुझे गाडीवरचे लक्ष कमी होईल.

एक्सचेंजला माझा विरोध का, तेही सांगते. शोरूमचा माणूस वर्ष, किलोमीटर आणि कंपनी भारतात आहे की नाही एवढेच पाहून भाव लावेल, आणि भाव कमी दिसू नये म्हणून वर एक्सचेंज बोनस जोडेल. एक्सचेंजशिवाय नव्या गाडीवर रोख सवलत किती, हे आधी स्वतंत्रपणे लेखी विचार, म्हणजे जुन्या गाडीची खरी किंमत किती धरली ते उघड होईल. भारतात अबार्थ पुंटो फार थोड्या विकल्या गेल्या, आणि ज्याला हायड्रॉलिक स्टिअरिंगची आणि अबार्थच्या विंचवाच्या चिन्हाची किंमत कळते असा माणूस जास्त पैसे तर देईलच, शिवाय तिला जपेलही. पुण्यात असे लोक आहेत. दोन महिने लागले तरी चालतील.

मात्र विकताना कागदांत ढिलाई नको. मालकी बदलण्याच्या नमुना २९ आणि ३० या अर्जांवर सही करून चावी दिली म्हणजे काम संपले, असे समजू नकोस. आरसीवर नाव बदलेपर्यंत कायद्याच्या दृष्टीने मालक तूच राहतेस, आणि मधल्या काळात अपघात झाला तर भरपाईची जबाबदारी तुझ्यावर येऊ शकते. म्हणून खरेदीदाराबरोबर स्वतः आरटीओचा अर्ज भरून घे आणि नवी आरसी निघेपर्यंत थोडी रक्कम अनामत ठेवून घे. विम्याचा नो क्लेम बोनस, म्हणजे भरपाई न मागितल्याबद्दलची सूट, गाडीचा नसून तुझा असतो. विमा कंपनीकडून त्याचे पत्र घेतलेस तर नव्या गाडीच्या विम्यातील स्वतःच्या गाडीच्या नुकसानीच्या भागाच्या हप्त्यात ५० टक्क्यांपर्यंत सूट मिळेल. ही रक्कम पुष्कळ असते आणि बहुतेक लोक ती मागतच नाहीत.

चाचणीसाठी गाडी शोरूमभोवती फिरवून परत येऊ नकोस. कात्रजच्या जुन्या घाटापर्यंत न्यायची परवानगी माग, बाळाचे आसन मागे बसवून पाहा, जावईबापूंना मागे बसव, आणि खराब रस्त्यावर ताशी चाळीसने चालव. परवानगी मिळाली नाही तर दुसऱ्या शोरूममध्ये जा. बुकिंगची रक्कम भरण्याआधी ऑन-रोड किमतीचा पूर्ण तपशील मला पाठव. त्यात हाताळणी शुल्क, अ‍ॅक्सेसरीजचे पॅकेज किंवा त्यांच्याकडचाच विमा सक्तीने घातला असेल तर त्या रकमा काढून टाकायला कसे सांगायचे, ते मी लिहून देईन. टायमिंग बेल्टचे बिल त्यासोबतच पाठव.

तुझी,
आई